दसादशे बाई

बाईंचा हात आधी पडायचा आणि प्रश्न नंतर यायचा. उत्तर चुकलंय हे आम्हाला मार बसल्यावरच कळायचं. रामवाडीत गणपतीच्या कारखान्याला लागून पत्र्याची एक लांबट शेड होती, तिथे त्यांचा क्लास भरायचा. मधली भिंत अर्धीच. पलीकडे मूर्ती घासणारे कारागीर, अलीकडे आठवी ते दहावीची आम्ही पोरं. आमच्या केसांत कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी असायची. घरी गेल्यावर आई केस झटकायची आणि तळवे बघायची. तळवे लाल असले की म्हणायची, "आज व्याज होतं वाटतं."

व्याज हा बाईंचा खास विषय. शाळेत ते दोन आठवड्यांत उरकायचं, बाईंकडे वर्षभर पुरायचं. "द.सा.द.शे." हे त्या एका दमात, कुणाला तरी शिवी हासडल्यासारखं म्हणायच्या. दसादशे! त्यामुळे त्यांचं नावच दसादशे बाई पडलं. खरं आडनाव पालकांना फी देतानाही आठवत नसे. त्या रोह्याच्या. नवऱ्याला सोडून पेणला आल्या होत्या. का सोडलं ते विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती, तिथे केस उगवत नसत. तेवढं बघून बायका आपापसात काय ते समजायच्या.

शाब्दिक उदाहरण सोडवायची त्यांची एक रीत होती. पेन उचलायचं नाही. आधी मोठ्याने वाचायचं. मग त्या विचारायच्या, "कोण देतोय? कोण घेतोय? का घेतोय?" पुस्तकात 'का' दिलेलं नसायचं. तरी सांगावं लागायचं. कुणी तरी चाचरत म्हणायचं, "घर बांधायला, बाई." "हां. मग आता घर बांधणाऱ्याचं व्याज काढ. नुसते आकडे नको काढू. आकड्यांना कुणी पोशीत नाय, माणसाला पोसावं लागतं." मुद्दल, दर, मुदत आणि शेवटी रास, असं सगळं फळ्यावर एकाखाली एक मांडून होईपर्यंत तो पुस्तकातला सुरेश किंवा रमेश आम्हाला आपल्या आळीतला वाटायला लागायचा.

बाईंना त्या सुरेश-रमेशचा रागही खराखुरा यायचा. एका उदाहरणात कुणी एक गृहस्थ एका बँकेतून कमी दराने पैसे घेऊन मित्राला जास्त दराने द्यायचा. नफा किती, असा प्रश्न. बाईंनी ते उदाहरण वाचलं आणि पुस्तक भिंतीवर भिरकावलं. पलीकडच्या कारागिरांनी माना वर केल्या. "मित्राला!" बाई ओरडल्या. "मित्राला व्याजाने देतो आणि पुस्तकात छापून येतो! याला उभा चिरला पाहिजे." मग पुस्तक उचलून आणलं, पान सरळ केलं आणि म्हणाल्या, "चला, नफा काढा त्या चोराचा. मार्क त्यालाच हायेत."

मारायला त्यांच्याकडे सागाची पट्टी होती, सुताराकडून मुद्दाम जाड करून घेतलेली. तळहातावर, बोटांच्या पेरांवर, कधी पोटरीवर. मुलगी म्हणून सूट नाही, लहान म्हणून नाही. रडलं तर आणखी एक. क्लास सुटताना मात्र ज्याला जास्त लागलं असेल त्याला थांबवून घ्यायच्या. कपाटातून हळद-तेलाची वाटी काढायच्या आणि स्वतः चोळून द्यायच्या. चोळताना एक अक्षर बोलायच्या नाहीत, वर बघायच्याही नाहीत. माझे वडील भातशेती आणि वालाचं पीक करणारे, स्वतः शांत माणूस, तेही म्हणायचे, "मारतात, पण येतं ना पोरीला?" येत होतं. सगळ्या पेणमध्ये व्याजाचं गणित आम्हालाच येत होतं, हे खरं. आणि अवघड उदाहरण कुणी पहिल्या फटक्यात सोडवलं की बाई स्वतःच्या मांडीवर थाप मारून "बरोब्बर!" असं काही ओरडायच्या की अंगावर काटा यायचा. मग डब्यातला पोह्याचा एक पापड काढून त्याच्या हातात द्यायच्या. तो पापड मिळावा म्हणून मी रात्र-रात्र गणितं केली आहेत. त्या बाईंवर आमचा जीव होता. तो कसा काय होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझ्या शेजारी सुगंधा बसायची. धरमतरच्या बाजूला खाडीकाठी त्यांची वाडी. वडील मालवाहू बार्जवर कामाला, महिना-महिना घरी नसत. आई जना पेणच्या बाजारात मासळी विकायची आणि येता-जाता लेकीला क्लासला सोडायची. सुगंधा हुशार होती, पण तिच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही.

एक दिवस बाईंनी अगदी सोपं उदाहरण घातलं. दहा हजार रुपये, द.सा.द.शे. दहा, दोन वर्षं, सरळव्याज काढा. आम्ही दोन हजार लिहून पेनं खाली ठेवली. सुगंधाच्या वहीत होतं, चोवीस हजार. बाईंनी वाकून बघितलं आणि सणकन पट्टी मारली. सुगंधाने हात मागे घेतला नाही. दुसरी मारली.

"दहा हजारावर चोवीस हजार व्याज? कुठच्या गावात राहतेस गो?"

"वाडीवर, बाई."

"मला उलट बोलतेस?" तिसरी पट्टी वर गेली.

"बाई, दर महिन्याला शंभरावर दहा," सुगंधा म्हणाली. "दोन वर्षांचे चोवीस महिने. वाडीवर वसुलीला येतो तो मुकादम असंच धरतो. आणि आम्ही नाय दिलं तर ते पण मुद्दलात टाकतो. ते मी धरलंच नाय, कारण तुम्ही सरळव्याज म्हणलात."

पट्टी वर होती तिथेच राहिली. बाईंनी वहीतले आकडे पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी विचारलं, "द.सा. म्हणजे काय?"

"दर साल."

"मुकादमाला माहीत हाय?"

"त्याला माहीत हाय, बाई. आईला माहीत नाय."

त्या दिवशी हळद-तेलाची वाटी निघाली नाही. बाईंनी सुगंधाचा तळवा स्वतःच्या पदरात धरला आणि तसाच धरून बाकीचा तास शिकवला. मध्येच आमच्याकडे पाठ करून त्यांनी डोळे पुसले. ते मी बघितलं.

रविवारी त्या वाडीवर गेल्या. सुगंधाने सांगितलं म्हणून मीही गेले. जना ओट्यावर सुकत घातलेले बोंबील चाळत होती. तिचा उजवा गाल काळानिळा, ओठ फुटलेला.

"काय झालं गो?" बाईंनी विचारलं.

"काय नाय बाई. परली मी. शेवाळ होतं."

"पडलेली बाई अशी दिसत नाय," बाई म्हणाल्या. "मला विचार."

जना पुन्हा बोंबील चाळायला लागली. सुगंधानेच मग सांगितलं. घरच्या बोटीच्या इंजिनासाठी तिच्या आईने शेठकडून पैसे घेतले होते. हा शेठ पेणला बसायचा, वाडीवर त्याचा मुकादम फिरायचा. मुद्दल कधीच फिटून गेलं होतं, आता व्याजावरच्या व्याजासाठी मुकादम यायचा. गेल्या आठवड्यात जना 'पुढच्या बाजाराला देते' म्हणाली, तेव्हा त्याने मासळीची पाटी तिच्या तोंडावर हाणली आणि पडल्यावर लाथा घातल्या. वाडीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. त्यांच्याही घरी तोच मुकादम यायचा.

बाईंनी शेजारपाजारच्या बायकांना हाका मारल्या. सात-आठ जणी आल्या, काही नुसत्या तमाशा बघायला. बाई ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि समोरचे बोंबील मोजून त्यांनी वेगळे केले.

"हे शंभर बोंबील मी जनाला उसने दिले. महिन्याने एकशेदहा घेईन म्हटलं. तिने दिले नाय. तर पुढच्या महिन्याला वाढ कशावर धरू? शंभरावर का एकशेदहावर?"

"शंभरावरच," एक म्हातारी म्हणाली. "दिलेत किती तुमी? शंभरच ना?"

"शेठ एकशेदहावर धरतो. म्हणजे माझे वरचे दहा बोंबील पण पोरं घालायला लागले."

"सुके बोंबील पोरं घालतात व्हय बाई?"

"शेठच्या घरात घालतात."

बायका हसल्या. पण बाई पुढे मोजत गेल्या, महिन्यामागे महिना, आणि ओट्यावरचा ढीग वाढत गेला, तसं हसणं बंद झालं. आपल्या घरचा ढीग प्रत्येकीला समोर दिसायला लागला. शेवटी जनाचे सगळे बोंबील संपले आणि अजून वर्ष काही पुरं झालं नव्हतं. ती म्हातारी उठली, ढिगाजवळ गेली आणि पायाने तिने तो उधळून दिला. "भाड्या," ती म्हणाली. जनाने बोंबील परत गोळा करताना विचारलं. "म्हणजे आमी कदीच फिटलो नसतो?"

"कधीच नाय," बाई म्हणाल्या. "आणि कायद्याने मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेताच येत नाय त्याला. तू कधीच मोकळी झालीस. तुला कुणी सांगितलं नाय एवढंच."

त्या आठवड्यात वाडीतल्या बायकांनी मिळून सावकारीवर नजर ठेवणाऱ्या निबंधकाच्या कार्यालयात शेठविरुद्ध तक्रार दिली. मुकादमाला त्यांनी एकही पैसा दिला नाही. तो आला तेव्हा सगळ्या एकत्र उभ्या राहिल्या. कोयते हातात होते, मासळी कापायचे. तो आल्या पावली फिरला. बायकांना वाटलं, संपलं.

गणपती तोंडावर आले होते. कारखान्यात मूर्ती रंगायला लागल्या होत्या. आमच्या शेडमध्येही भिंतीकडेने पांढऱ्या मूर्ती ओळीने लावल्या होत्या, जागा नव्हती म्हणून. दुपारचा क्लास चालू होता. मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला आणि मुकादम आत शिरला. मागे दोघं. त्याच्या हातात लोखंडी सळी होती. आम्ही ओरडायच्या आत त्याने फळ्यावर सळी घातली. फळा मधोमध फुटला आणि अर्धा खाली लोंबायला लागला.

"दसादशे कोण?" त्याने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"धंद्यात तोंड घालतेस काय गो?"

तो बोलत असतानाच त्याच्या माणसाने सुगंधाला ओळखलं. वेणी धरून त्याने तिला बाकावरून ओढलं. तिचं डोकं बाकाच्या कडेवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. बाईंनी पट्टी आडवी धरली आणि त्या माणसाच्या तोंडावर मारली. आम्हाला मारायच्या तशी नाही. त्या मारात अंगातलं सगळं बळ होतं. त्याचं नाक फुटलं. रक्ताची चिळकांडी समोरच्या मुलाच्या वहीवर उडाली. त्याने सुगंधाला सोडलं. बाईंनी दुसरा फटका त्याच्या कानावर घातला, तेव्हा मुकादमाने मागून सळी मारली. बाईंनी उजवा हात मध्ये घातला. हाड मोडताना असा आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ओली फांदी मोडावी तसा. पट्टी खाली पडली. मुकादमाने सळी पुन्हा उचलली, तेव्हा बाईंनी पुढे झेपावून त्याच्या मनगटात दात रुतवले. तो गुरासारखा ओरडला. बाई सोडेनात. त्याने डाव्या हाताने त्यांच्या डोक्यात बुक्के घातले, त्यांना फरफटत नेलं, भिंतीवर आपटलं, तरी सोडेनात. शेवटी त्याने सळी आंधळ्यासारखी फिरवली आणि ती ओळीने लावलेल्या मूर्तींवर बसली. एकामागून एक गणपती जमिनीवर कोसळले. सोंडा, हात, मुकुट सगळीकडे विखुरले.

ते ऐकून कारागीर भिंतीवरून उड्या टाकून आत आले. इतका वेळ ते पलीकडे उभे होते. आता त्यांनी तिघांनाही असं तुडवलं की पोलीस आले तेव्हा त्यांना सोडवायला लागलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंडावर रक्त होतं, बरंचसं मुकादमाचं. मी जवळ गेले. त्या मला म्हणाल्या, "सुगी कशी हाय बघ." ती शुद्धीवर होती, कपाळावर खोक पडली होती. मग त्या फुटक्या मूर्तींकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी नाय आले ते. गणपतीसाठी आले." आणि हसल्या. हसताना त्यांचे दात लाल होते.

त्यांच्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ते जुळलं, पण कोपरातून हात सरळ कधी झाला नाही. बाई महिन्याभरात परत शिकवायला लागल्या, डाव्या हाताने लिहीत. गावात त्यांचं नाव झालं होतं, क्लासची पोरं वाढली होती. मला वाटलं होतं, एवढं सोसल्यावर त्या आता मारणार नाहीत. त्या मारायच्या. नवी पट्टी करून घेतली होती. डाव्या हाताला नेम नव्हता, एवढाच फरक. त्यातच एकदा आठवीतल्या परागच्या तळव्यावरचा फटका करंगळीवर बसला आणि करंगळी मोडली. पराग भेदरट मुलगा. घरी त्याने सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही, कारण बाई आमच्यासाठी रक्ताने माखलेल्या आम्ही बघितल्या होत्या.

खटला उभा राहीपर्यंत आम्ही अकरावीत गेलो. मुकादमाने मोठा वकील दिला होता, पैसा शेठचा. पेणच्या कोर्टात माझी साक्ष झाली, सुगंधाची झाली. जनाने पोलिसांना पहिल्याच दिवशी 'मी पडले होते' असं लिहून दिलं होतं, त्यामुळे तिला कुणी बोलावलंच नव्हतं. ती लेकीबरोबर येऊन मागच्या बाकावर बसायची. मग बाई उभ्या राहिल्या. वकील फार गोड बोलत होता.

"बाई, तुम्ही शिक्षिका. पोरांना मारता का हो कधी?"

सरकारी वकील उठून काही म्हणायला लागले. बाई त्यांच्या आधी बोलल्या. "हो."

"कशाने?"

"पट्टीने."

"जोरात?"

"हो."

"एखाद्याला इजा झाली का कधी? आठवून सांगा. घाई नाही."

वकिलाला कुठून तरी कळलं होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याच्याकडे पुरावा नव्हता. परागच्या घरचेही त्या सायकलवरच विश्वास ठेवून होते. बाईंनी 'नाही' म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच संपला असता. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

"एका मुलाची करंगळी मोडली मी," बाई म्हणाल्या. "पराग नाव त्याचं. त्याने काहीच केलं नव्हतं. चक्रवाढ काढताना दुसऱ्या वर्षाचं मुद्दल चुकलं होतं, एवढंच."

"म्हणजे हात उगारायची सवयच आहे तुम्हाला! त्या दिवशीही पहिला हात तुम्हीच उचललात, माझ्या अशिलाने नाही."

"त्या दिवशी पहिला हात मीच उचलला," बाई म्हणाल्या. "पोरीचे केस धरले होते त्यांनी. तो मी पुन्हा उचलीन. पोरांवर उचलला तो उचलायला नको होता. ही दोन वेगळी उदाहरणं हायेत, साहेब. एकाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहू नका."

वकील खुशीत खाली बसला. त्याला हवं ते मिळालं होतं. बाहेर व्हरांड्यात मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाई, नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग पोराचं बोट कुणी मोडलं म्हणून सांगायचं, वंदे?"

जना आमच्या मागेच उभी होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ सरकारी वकिलांसमोर जाऊन उभी राहिली. "मना बोलायचंय," ती म्हणाली. "मी परली नव्हती. बाई सोताची चूक भर कोर्टात सांगतात, मग मी त्या मेल्याची कशाला झाकू?" पुढच्या तारखेला तिची साक्ष झाली. त्यानंतर वाडीतल्या त्या म्हातारीची, आणि मग आणखी तिघींची. मुकादमाला शिक्षा झाली ती बाईंच्या साक्षीवर नाही, या बायकांच्या साक्षींवर. शेठ सुटला. तो अजून पेणमध्येच आहे, पण वाडीवर त्याचं माणूस परत गेलं नाही.

करंगळीची गोष्ट मात्र बाईंच्या साक्षीच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत गावभर झाली होती. दुसऱ्या दिवशी मी बाईंना भेटायला क्लासवर गेले तेव्हा परागचे वडील शेडच्या दारात उभे होते. साधा माणूस, एसटीच्या डेपोत कामाला. शेजारी पराग मान खाली घालून.

"खरं काय हो बाई?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"मी त्या सायकलपायी पोराला मारलं, बाई. नीट चालवता येत नाय म्हणून. प्लॅस्टर घातलेलं असताना मारलं."

बाईंचा चेहरा मुकादमाच्या सळीने झाला नव्हता तसा झाला. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मारा मला."

परागच्या वडिलांनी खरंच मारली. एकच थोबाडीत, पण अशी की बाई बाकावर कोलमडल्या. मग तो माणूस स्वतःच तोंडावर हात घेऊन रडायला लागला. पराग बापाचा सदरा ओढत "बाबा, चला, बाबा, चला" म्हणत होता. बाई उठल्या. गालावर बोटं उमटली होती. त्यांनी परागचा हात मागितला, त्याने भीत-भीत दिला. ती वाकडी करंगळी त्यांनी नुसती बघितली. हात लावला नाही. "चुकलं माझं, बाळा," म्हणाल्या.

क्लास बंद झाला. पालकांनी काढायच्या आधी त्यांनीच बंद केला. पट्टी त्यांनी गुडघ्यावर घेऊन मोडायचा प्रयत्न केला, पण त्या वाकड्या हाताने मोडेना. मग कारखान्यातल्या एका कारागिराला दिली, त्याने मूर्तीखाली टेकू म्हणून लावली. आम्हाला निरोप वगैरे काही दिला नाही. एक दिवस गेलो तर शेडला कुलूप होतं. रोह्याला धाकट्या बहिणीकडे गेल्या असं कळलं.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागले. सुगंधा एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. समोर बसलेल्या बाईला ती दर आणि मुदत स्वतःच्या तोंडाने परत म्हणायला लावते, मगच सही घेते. सकाळची शिफ्ट सुटली की मी कधी कधी बाईंकडे जायचे. त्या थकल्या होत्या, पण बरं बोलायच्या. नदीकडच्या खिडकीत बसून शेजारणींच्या पोरांना फुकट शिकवायच्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी एकदा विचारलं, असं का बसता? म्हणाल्या, "ते आपोआप उठतात गो."

मग हळूहळू त्यांचं डोकं जायला लागलं. आधी नावं गेली, मग दिवस. चूल पेटवून विसरायच्या. मला कधी सुगंधा म्हणायच्या, कधी आणखी कुणी. त्यांची बहीण कुसुमताई सगळं निगुतीने करायची.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी गेले होते. दुपारची वेळ, बाई खाटेवर गोधडी घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी बऱ्या दिसत होत्या. मला म्हणाल्या, "गणित घाल ना गो एक. कुणी घालतच नाय."

मला बरं वाटलं. मी अगदी सोपं घातलं. "शंभर रुपये, द.सा.द.शे. दहा, एक वर्ष. व्याज किती, बाई?"

त्यांचे ओठ हलायला लागले. शंभर, शंभर, असं पुटपुटल्या. बोटांवर काही मोजलं, मध्येच विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्याकडे बघितलं. "शंभर?" मी मान हलवली. आणि एकदम त्यांचा चेहरा पांढरा पडला. डावा हात त्यांनी झटकन गोधडीखाली ओढून घेतला. उजवा वाकडा हात लवकर जाईना, तो त्या ओढायला लागल्या, धडपडायला लागल्या, आणि बारीक, लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "नका मारू अण्णा. सांगते. सांगते मी. थांबा ना, सांगते."

कुसुमताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अण्णा म्हणजे आमचे वडील," त्या मला हळूच म्हणाल्या. "गणित घ्यायचे हिचं. रोज. चुकलं की चुलीतलं लाकूड काढायचे. भुवईवरची ती खूण त्यांचीच. लोकांना वाटतं नवऱ्याची."

मग मी माझे दोन्ही हात गोधडीवर उताणे ठेवले, त्यांना दिसतील असे.

"बाई, इथे कुणी मारणार नाही."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "चुकलं तरी?"

"चुकलं तरी."

"शंभर चुकलं ना?"

"चुकलं. परत काढू. वेळ आहे आपल्याला."

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. प्रत्येक आपटण्याला बाईंचा खांदा जरासा दचकत होता. मग गोधडीखालून त्यांचा डावा हात हळूहळू बाहेर आला आणि माझ्या तळव्यावर येऊन टेकला. गार होता.

"दहा," त्या म्हणाल्या.